न झालेल्या सभेचा ठराव

नोकरीतल्या अनुभवांवर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, कुठल्या नोकरीतल्या? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तीस वर्षं मी पिंपरीतल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते आणि लोकांना त्याच गोष्टी ऐकायच्या असतात. कॅन्टीनच्या पातळ आमटीवरून झालेला संप, रजेसाठी एकाच वर्षात तीनदा वारलेली आजी, वगैरे. त्या मी इतक्यांदा सांगितल्यात की आता मलाच त्यातलं खरं किती ते आठवत नाही.

पण निवृत्तीनंतर मला दुसरी नोकरी लागली. तिला पगार नव्हता, पंचिंग नव्हतं, आणि चुकलं तर कान धरणारा साहेबही नव्हता. एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावरची नोकरी. अकरा वर्षं केली, त्यातली शेवटची सहा अध्यक्ष म्हणून. मी ती चांगली केली, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला जाणार नाही. मात्र सुरुवातीला मी एक अशी चूक केली की तिची आठवण झाली की अजून कानशिलं गरम होतात. आज तीच सांगणार आहे.

संस्थेचं काम साधं. मोशीपासून चाकणपर्यंत कंपन्यांमध्ये, पॅकिंगला, वायरिंगच्या लाइनवर, कॅन्टीनमध्ये हजारो बायका कामाला. बहुतेक लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेल्या. घरात सासू नाही, आई गावाला. शिफ्टला जायचं तर मूल कुठे ठेवायचं? त्यांच्यासाठी आमची तीन पाळणाघरं. पहिलं मोशीत, अण्णांच्या जागेत.

अण्णा म्हणजे आमचे संस्थापक आणि तेव्हाचे अध्यक्ष. मोशीचं जुनं घराणं. गावच्या जमिनी विकून बंगले व्हायच्या आधी अण्णांनी भोसरीत प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढायचा छोटा कारखाना, टाकला होता. तिथे कामाला येणारी एक बाई तान्हं मूल सोबत आणायची आणि पत्र्याच्या क्रेटमध्ये गोधडी घालून मशीनच्या मागे ठेवायची. एक दिवस अण्णांनी मशीन बंद केलं, ते क्रेट उचललं आणि घरी बायकोकडे नेऊन दिलं. तिथून संस्था सुरू झाली. असा माणूस. त्यांच्याबद्दल पुढे मी जे सांगेन ते वाचताना ते क्रेट लक्षात असू द्या.

विश्वस्त म्हणजे काय, हे आमच्याकडे पुष्कळांना माहीत नसतं, विश्वस्तांना तर नाहीच. लोकांना वाटतं, कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसायचं आणि नारळ घ्यायचा. एका गृहस्थांना आम्ही मंडळावर येण्याबद्दल विचारलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, फोटो कुठल्या भिंतीवर लावणार? दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. आमच्यातले एक निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर पहिल्याच महिन्यात स्टॉपवॉच घेऊन केंद्रात गेले आणि मुलं झोपायला सरासरी किती वेळ घेतात ते मोजून आले. त्यांना त्यात सुधारणेला वाव दिसला. केंद्रातल्या बायका आठवडाभर हसत होत्या.

खरं काम या दोहोंच्या मधलं आहे. बाळाला खिमट कोण भरवणार, हे मंडळाने ठरवायचं नसतं. ते केंद्रप्रमुख ठरवते. खिमट भरवणारी बाई पुढच्या वर्षीही टिकेल ना, तिच्या डोक्यावर शहाणं माणूस आहे ना, आणि आपण केलेल्या नियमाने कुणाचं भलं होतंय आणि कुणाचं वाटोळं, हे मंडळाने बघायचं. बसून, बोलून, एकमेकांशी भांडून ठरवायचं. आणि मग ठरलेल्याची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घ्यायची. एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण आम्ही त्यातलं पहिलंच करत नव्हतो. आम्ही बसत नव्हतो.

ही आमची खास रीत होती. तिला आम्ही ‘वही फिरवणं’ म्हणायचो. सात विश्वस्त, कोणी निगडीला, कोणी चिंचवडला, मी सांगवीला. कोणाचे गुडघे, कोणाचं लग्नकार्य, आणि नाशिक फाट्याचं ट्रॅफिक सगळ्यांचंच. त्यामुळे सभा जमवणं जिवावर यायचं. मग आमचे सचिव जोशी सर घरीच बसून इतिवृत्त लिहायचे. निवृत्त मुख्याध्यापक, मोत्यासारखं अक्षर. अमुक वारी अमुक वाजता सभा झाली, इतके हजर होते, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरलं, असं सगळं लिहून ते रविवारी सकाळी स्कूटर काढायचे आणि घरोघर जाऊन सह्या घ्यायचे. प्रत्येक घरी चहा. माझं घर तिसरं, त्यामुळे माझ्याकडे ते बिनसाखरेचा मागायचे. गप्पा व्हायच्या, तब्येतीची चौकशी व्हायची, कोणाच्या मुलीचं जमलं ते कळायचं. वही उघडी असायची, पेन तयार असायचं. फार आपुलकीचा कारभार होता. आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत असं आम्ही अभिमानाने सांगायचो. होणार कसे? आम्ही एकत्र येतच नव्हतो.

मला हे कळायला हवं होतं. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फाउंड्रीत होते आणि आमच्या कॉलनीतल्या जयंतीच्या कमिटीत होते. त्या कमिटीच्या बैठका मी लहानपणी दारात बसून ऐकल्या आहेत. मंडप कुठे, खीर किती, व्याख्याता कोण, यावर माणसं घसा बसेपर्यंत भांडायची. पण भांडून झाल्यावर हात वर करायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून बांबू उचलायचे. एकदा एकाने सांगितलं, मला वेळ नाही, माझा हात वर आहे असं समजा. वडिलांनी त्याला घरून उचलून आणला. मी शिकले, एमएसडब्ल्यू झाले, साहेबांच्या बैठकांना बसले, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा चहाच्या कपाबरोबर सही करू लागले.

त्या रविवारी माझ्याकडे लेकीच्या सासरची माणसं जेवायला येणार होती. कणीक भिजवलेले हात पुसत मी दारातच सही केली. जोशी सर चहाही न घेता गेले. वहीत काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही. विचारलंही नाही.

चौथा ठराव होता: जी आई मुलाला नेण्यास महिन्यातून तीन वेळा उशीर करील, तिच्या मुलाचं नाव केंद्रातून कमी करण्यात यावं.

ठराव अण्णांचा. वाईट हेतूने केलेला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मोशीच्या केंद्रप्रमुख सुनंदाताईंनी अण्णांकडे तक्रार केली होती की केंद्र साडेसहाला बंद होतं, पण काही आया साडेसात-आठ करतात, आणि आमच्या मदतनीस बायकांना घरी बोलणी खावी लागतात. एकीच्या नवऱ्याने केंद्राच्या दारात येऊन तमाशा केला होता. अण्णांना आपल्या मदतनिसांचा राग आला नाही, उशीर करणाऱ्या आयांचा आला. प्रेस शॉप चालवलेला माणूस. उशीर झाला की गेट बंद, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी जोशी सरांना फोन केला, सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, आणि वही फिरली. ज्यांनी तक्रार केली त्या सुनंदाताईंनाही कोणी विचारलं नाही.

दीड महिन्याने सुनंदाताई माझ्या घरी आल्या. शांत बाई. चिंचवडच्या. तीसेक मुलांच्या कल्लोळात त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सरळ सांगायला लागल्या. रेखा नावाची एक बाई, लातूरकडची. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत कंत्राटावर. नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. मुलगी श्रावणी, साडेतीन वर्षांची. मालाची गाडी निघायची असली की सुपरवायझर लाइन सोडत नाही, आणि लाइन सुटल्याशिवाय कंपनीची बस हलत नाही. त्या महिन्यात रेखाला तीनदा उशीर झाला. सुनंदाताईंनी ठराव दाखवून श्रावणीचं नाव कमी केलं.

"मी काढलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मीच. कागदावर होतं म्हणून."

रेखाने मग काय केलं? काम सोडून चालणार नव्हतं. तिने मुलीला खोलीत ठेवलं, टीव्ही लावला, पोळी आणि पाणी ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं. तीन दिवस निभावलं. चौथा दिवस गुरुवार. आमच्या पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना माहीत, पण रेखा गुरुवारी एरवी सुट्टीवर असायची. त्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावलं, आणि घाईत विजेचं तिच्या ध्यानात आलं नाही. वीज गेली. खोलीला खिडकी नाही, वर पत्रा, महिना एप्रिलचा. पोरीने दार बडवलं. आसपासच्या खोल्यांमधली माणसं कामावर. किती वेळ बडवलं कोणाला ठाऊक नाही. घरमालकाने कुलूप तोडलं तेव्हा तिचे तळहात सुजले होते आणि आवाज बसला होता. दोन दिवसांनी रेखाचा भाऊ गावाहून आला आणि श्रावणीला घेऊन गेला.

हे ऐकताना माझं डोकं तापत गेलं. मी फोन उचलला. अण्णांना चांगलं फैलावर घ्यायचं, असला मनमानी कारभार चालणार नाही म्हणून सांगायचं, असं मी बोलूनही दाखवलं. सुनंदाताईंनी स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात त्या पानाचा फोटो होता.

"खाली तुमचीपण सही आहे," त्या म्हणाल्या.

तिसरी सही. माझी. वर लिहिलेलं, सविस्तर चर्चा होऊन. मी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रेखाकडे गेले. चाकणच्या अलीकडे एका गावात, शेताच्या कडेला बांधलेल्या दहा-बारा खोल्या. ती शिफ्टला निघायच्या तयारीत होती, केस विंचरत उभ्यानेच बोलली. मला वाटलं होतं ती भांडेल. मी कारखान्यातली आहे, भांडणाऱ्या माणसाला कसं सांभाळायचं ते मला येतं. ती भांडली नाही. दाराची नवी कडी दाखवली, पाणी दिलं. मी ठरावाचा विषय काढला तर मलाच समजावू लागली.

"न्हाई मॅडम, तुमचं काय चुकलं न्हाई. मी म्हणलं, एवढी सात मोठी माणसं एका जागी बसली, इचार केला, मग ठरवलं. म्हंजी चूक माझीच आसल."

तीस वर्षं कामगारांच्या शिव्या खाल्लेल्या मला त्या वाक्याने जे झालं ते शिव्यांनी कधी झालं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. हो, विचार केला होता, पण निर्णय चुकला, एवढं म्हणून निघता आलं असतं. मी तिला सांगितलं की आम्ही बसलोच नव्हतो. स्कूटरवरून वही आली आणि मी दारात, न वाचता सही केली.

तिने कंगवा खाली ठेवला.

"मग माझं लेकरू कशापायी गेलं?"

 बाहेर कंपनीची बस वाजली आणि ती निघून गेली. मी त्या खोलीच्या दारात उभी होते आणि मला माझी अतिशय लाज वाटली. ती लाज आजवर मी कोणापाशी कबूल केलेली नाही, आज लिहून मोकळी होते.

आता इथून पुढे मी जे केलं त्याचा मला अभिमान आहे, म्हणून ते जरा निगुतीने सांगते.

मी खास सभा मागितली. सगळ्यांना सांगितलं, मोशीच्या केंद्रात यायचं, गुडघे घेऊन यायचं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सात ज्येष्ठ नागरिक बसले. डॉक्टर होते आमच्यात, तेही ओपीडी सोडून आले. मी ठरवलं होतं की अण्णांवर बोट ठेवायचं नाही. कल्याण अधिकारी म्हणून एक गोष्ट मी शिकले होते: चूक कबूल करायला कोणाला तरी पहिलं व्हावं लागतं, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. मी वही उघडली आणि चौथा ठराव मोठ्याने वाचला. मग म्हटलं, यात लिहिलंय की सविस्तर चर्चा झाली. त्या चर्चेत मी काय बोलले, हे मला कोणी सांगेल का? कारण मी त्या वेळी माझ्या ओट्यापाशी होते.

 जोशी सरांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्यांच्या वहीला कोणी हात लावला नव्हता. मग मी श्रावणीचं सगळं सांगितलं. गुरुवारी वीज गेली ते, तळहातांचं, आणि रेखाने मला विचारलं ते. काही वाढवून सांगितलं नाही, त्याची गरज नव्हती.

अण्णा उसळले. "पोरींना घरी जायला अंधार व्हतो म्हनून केलं आमी. माझ्या घरासाठी केलं का काय?"

मी म्हटलं, नाही अण्णा, तुमच्या घरासाठी नाही. पण ज्यांच्यासाठी केलं त्या बाहेर उभ्या आहेत, त्यांना आत बोलावू या. विश्वस्त केंद्रात आले की केंद्रप्रमुख चहा आणून ठेवायच्या आणि बाहेर थांबायच्या. त्या दिवशी सुनंदाताईंना मी खुर्ची दिली आणि विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं होतं? त्यांनी दोन-तीन मिनिटांत सांगितलं. चार मदतनीस आहेत. रोज एकीने आळीपाळीने आठपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं. थांबणाऱ्या बाईला परत सोडायला एक रिक्षा ठरवायची. बस. नियम नको होता. माणूस हवं होतं.

अण्णा सुनंदाताईंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, हे मला का नाही सांगितलं?

"सांगायला आले होते, अण्णा," सुनंदाताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, बघतो मी."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. आणि मग त्यांनीच सांगितलं, ठराव रद्द. सरांकडे वळून म्हणाले, "आत्ता लिवा. हितंच. समद्यांसमोर." आम्ही लगेच हात वर केले नाहीत. स्टॉपवॉचवाल्या साहेबांनी आळीपाळीच्या पद्धतीवर चार शंका काढल्या, आणि पहिल्यांदाच त्या कामाच्या निघाल्या. पाळी नुसती वारावर लावली तर एकाच बाईला दर आठवड्याला शनिवार येईल, हे त्यांनीच दाखवलं. जोशी सर भराभर लिहीत होते, खोडत होते, बाण काढत होते. त्या दिवसाचं पान वहीतलं सगळ्यात गबाळं पान आहे, आणि नवीन विश्वस्त आला की मी त्याला तेच दाखवायची.

त्यानंतर वर्षभरात आम्ही घर लावायला घेतलं. वही फिरणं बंद. सभेची सूचना आणि विषय आठ दिवस आधी. केंद्रप्रमुख सभेला बसणार, आणि विश्वस्तांनी केंद्रात जाऊन बघायचं सगळं पण हुकूम एकही सोडायचा नाही. विश्वस्तपदाला मुदत घातली. मुदतीचा नियम मांडला मीच, आणि त्यात पहिले गेले अण्णा. नियम बरोबर होता, आजही बरोबर वाटतो. मात्र मी तो ज्या घाईने आणला, त्यांच्या घरी जाऊन आधी दोन शब्द न बोलता, ते चुकलं. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ते क्रेट उचललं, त्याला सभेत कागदावरून कळावं की आपली मुदत संपली, हे बरं नव्हतं. ते मोशीच्या बाजारात भेटतात, "काय अध्यक्षीणबाई," म्हणतात, गवारीचा भाव विचारतात. पाळणाघराकडे मात्र पुन्हा फिरकले नाहीत.

आणि रेखा? ठराव रद्द झाला त्याच दिवशी मी तिला फोन करून सांगितलं, श्रावणीला आणा. वाटलं होतं, ती दुसऱ्याच दिवशी गाडी पकडेल. पण इतकं सोपं नसतं. सुट्टी नाही, भावाची पेरणी, मग पोरगी तापाने आजारी, मग गौरी. आम्ही चुकीचा ठराव एका रविवारी केला होता. तो निस्तरायला पाच महिने लागले. श्रावणी दसऱ्याच्या आसपास परत आली.

मुलांच्या आयांना मंडळावर घ्यायचं, असं मी मांडलं तेव्हा बराच खल झाला. त्यांना कामकाज कळेल का, इथपासून त्यांना वेळ कुठे असतो, इथपर्यंत. शेवटी दोन जागा ठरल्या. रेखाला विचारायला मी स्वतः गेले. तिने एकच गोष्ट सांगितली. रविवारी तिची कंपनी चालू असते, तेव्हा सभा गुरुवारी घ्या. वही फिरायची ती रविवारी, म्हणून सभाही आम्ही निवृत्त माणसं रविवारीच ठेवू लागलो होतो. आम्हाला तर सगळेच वार सारखे होते. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दोन सभांना ती काही बोलली नाही. तिसऱ्या सभेला मी अध्यक्ष म्हणून एक मोठा विषय आणला होता. चाकणच्या पुढे एका कंपनीने आम्हाला तयार इमारत देऊ केली होती. रंगवलेली, झोपाळ्यांसकट. चौथं केंद्र. मी त्यामागे आठ महिने लागले होते, कंपनीच्या साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळले होते. खरं सांगायचं तर उद्घाटनाला कुठली साडी नेसायची तेही मनात ठरलं होतं. मी उत्साहाने सगळं मांडलं. सुनंदाताईंनी दबक्या आवाजात सांगितलं की शिकलेल्या मदतनीस मिळत नाहीयेत, आहेत त्याच तिन्ही केंद्रांत पुरवून पुरवून वापरतोय. मी म्हटलं, मिळतील, सुरू तर करू. अण्णाही असंच म्हणायचे, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

तेव्हा रेखा बोलली.

"उघडल्यावर जर माणसं पुरली न्हाईत, तर बंद करताल. मग तितली लेकरं कुठं जातील? माझी पाच महिन्यांनी आली तवा मामाच्या कडेवरून उतरंना. आठ दिवस मला मावशी म्हणायली. मी घरात स्वैपाक करू लागले की दारात जाऊन बसायची, आजीची वाट बघत. आता म्हणती आई. पर ते आठ दिवस मला कुणी परत देणार हाय का? तुमी माणसं आधी गोळा करा, मग उघडा. मला हे पटलं न्हाई."

एवढं बोलून ती थांबली आणि पदर सारखा करत बसली. मी मत मागितलं. माझ्या बाजूने मी आणि डॉक्टर. विरुद्ध सहा हात. जोशी सरांचाही त्यात होता, डावा, कारण उजव्यात पेन होतं. माझ्या आठ महिन्यांच्या मेहनतीचा विषय एका क्षणात पडला. मी सांगितलं, विषय नामंजूर, आणि सरांनी तसं लिहिलं. कंपनीला मी पत्र पाठवलं की सध्या आमची तयारी नाही. अशी नकाराची पत्रं लिहायला मला कधीच आवडलं नाही.

सभा संपल्यावर मी बाहेर पायऱ्यांवर चपला घालत होते. रेखा श्रावणीला घेऊन निघाली होती. पोरगी अर्धवट झोपेत, आईच्या खांद्यावर मान टाकून, तिच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यात दोन्ही हात घट्ट घातलेले. रेखा माझ्यापाशी थांबली.

"मॅडम, राग आला का माझा?"

नाही म्हणायची सवय होती. तीस वर्षं मी प्रत्येक कामगाराला नाही, नाही, राग कसला, असंच म्हटलं होतं. पण या बाईशी मी एकदा खरं बोलले होते, आता खोटं बोलवेना.

"आला," मी म्हटलं.

ती हसली. पोरीला खांद्यावर जरा वर सरकवून घेतलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजी तुमी ऐकलं."